ग्रंथाला प्रश्न विचारण्याची अट

पोथी आणि पडताळा : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण पैठणला थांबलो होतो. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, नकला करताना शिरलेले अपपाठ दूर केले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरांवरची त्यांची निष्ठा अढळ होती. त्या निष्ठेपोटीच त्यांनी पोथी तपासली. तिथे प्रश्न होता, ग्रंथातले मूळ शब्द कोणते? आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. शब्द पक्के ठरले, तरी ते जे सांगतात ते खरं आहे का, हे कसं ठरवायचं? आणि विज्ञानाने काही वेगळं दाखवून दिलं, तर ग्रंथ मानणाऱ्या माणसाने काय करायचं?

त्यासाठी पैठणहून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला येऊ.

राजा आणि भिक्खू

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. हेच मिलिंद महाविद्यालय, आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. दोन्ही नावं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून आली आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर हाच या ग्रंथातला मिलिंद. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. हा राजा भिक्खू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारतो आणि नागसेन उत्तरं देतो, असं ग्रंथाचं स्वरूप आहे.

चर्चा सुरू होण्याआधी नागसेन एक अट घालतो. पंडितांसारखा वाद घालणार असशील तर बोलू, राजांसारखा घालणार असशील तर नाही. फरक काय, असं राजा विचारतो. नागसेनाचं म्हणणं असं : पंडितांच्या वादात एकमेकांचे मुद्दे खोडले जातात, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते आणि त्यावरून कुणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट ठासून सांगतात आणि जो मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडितांची रीत स्वीकारतो, आणि मगच पुढचा ग्रंथ घडतो.

हा ग्रंथ बौद्धांनी रचलेला आहे, त्यामुळे त्यात नागसेन कधी हरत नाही, हे विसरून चालणार नाही. तरीही धर्माच्या गाभ्यालाच हात घालणारे प्रश्न त्यात खुलेपणाने नोंदवले आहेत. बुद्धाला तुम्ही पाहिलं आहे का? तुमच्या गुरूंनी पाहिलं होतं का? नसेल, तर तो होऊन गेला कशावरून? बुद्ध सर्वज्ञ होता, तर संघात फूट पाडणाऱ्या देवदत्ताला त्याने दीक्षा दिलीच कशी? पुढच्या एका संपूर्ण भागात तर राजा धर्मवचनांतली परस्परविरोधी विधानं समोरासमोर ठेवून जाब मागतो.

खरा प्रयोग, चुकीचा निष्कर्ष

या ग्रंथातले दोन प्रसंग आपल्या विषयाला थेट भिडतात.

पहिल्यात प्रश्न असा, की तापवलेलं पाणी आवाज करतं, मग त्यात जीव असतो का? नागसेन नाही म्हणतो. आवाज आगीच्या जोरामुळे होतो. वाऱ्याने-उन्हाने तळं आटतं तेव्हा पाणी नाहीसं होतं, पण आवाज करत नाही. कारण शोधायचं, मग ते कारण नसलेली स्थिती तपासायची. विचाराची ही रीत प्रयोगशाळेतही चालेल.

दुसऱ्या प्रसंगात राजा म्हणतो, पृथ्वी पाण्यावर आणि पाणी वायूवर टेकलेलं आहे असं तुम्ही सांगता, ते मला पटत नाही. नागसेन भिक्खूंचं पाणी गाळण्याचं पात्र उचलतो आणि त्यातलं पाणी हवेने तोलून धरल्याचं दाखवतो. राजाची खात्री पटते. इथे प्रयोग खरा आहे. हवेचा दाब पाणी अडवून धरतो, हे शाळेतलं मूलही पाण्याने भरलेल्या नळीचं वरचं तोंड बोटाने बंद करून दाखवू शकतं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पृथ्वी पाण्यावर टेकलेली नाही. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने तारामंडळाच्या मध्यभागी असलेल्या पृथ्वीच्या गोलाचं वर्णन केलं, त्यात तिला पाण्याचा आधार लागला नाही.

चूक कुठे झाली? उत्तर आधीच ठरलं होतं आणि प्रयोग त्याला टेकू द्यायला आणला गेला. पात्रातलं पाणी एवढंच सिद्ध करतं, की हवा पाणी धरू शकते. पृथ्वीखाली पाणी आहे का, हा प्रश्न त्याने तपासलाच नाही. असं काय आढळलं तर आपण हे विधान सोडून देऊ, हे त्या दोघांनी ठरवलं नव्हतं.

आजही ग्रंथ आणि विज्ञान यांचा जो मेळ घातला जातो, तो बहुतेक वेळा याच रीतीचा असतो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याचा आधार होता ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच या ग्रंथाची छाननी केली होती. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही ओढ एकाच धर्माची नाही. फ्रेंच डॉक्टर मोरिस बुकाय यांनी १९७६ मध्ये कुराण आधुनिक विज्ञानाशी जुळतं असं मांडणारं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. अमेरिकेत बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेला विज्ञानाचा वेश चढवून शाळेत शिकवण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात न्यायालयाने हे विज्ञान नाही, असा निकाल दिला.

अशा दाव्यांची एक साधी कसोटी आहे. श्लोक, आयत किंवा वचन वाचून कुणी तो शोध लागण्याआधी सांगितला होता का? दरवेळी शोध आधी लागतो आणि वचनाचा अर्थ नंतर सापडतो. असा अर्थ विज्ञानात काहीच भर घालत नाही. ग्रंथाचंही त्याने नुकसान होतं, कारण उद्या विज्ञानाने मत बदललं तर त्याच वचनाला पुन्हा नवा अर्थ चिकटवावा लागतो.

तीन प्रकारची वाक्यं

धर्मग्रंथ एकाच प्रकारच्या वाक्यांचा बनलेला नसतो. त्यात निदान तीन प्रकार असतात, आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी.

पहिला प्रकार जगाबद्दलच्या विधानांचा : पृथ्वी कशावर आहे, ग्रहण का लागतं, रोग कशाने होतो. इथे शेवटचा शब्द निरीक्षणाचा आणि प्रयोगाचा. आपल्या परंपरेतल्या मोठ्या भाष्यकारांना हे ठाऊक होतं. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात, की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. बाराव्या शतकात कोर्दोबाच्या इब्न रुश्दने लिहिलं, की सत्य सत्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. बुद्धीने सिद्ध झालेली गोष्ट आणि ग्रंथाचा वरवरचा अर्थ यांत विरोध आला, तर त्या अर्थाचा पुन्हा विचार करावा. दलाई लामांनी २००५ मधल्या आपल्या पुस्तकात, विज्ञानाने एखादी बौद्ध समजूत निर्विवादपणे खोटी ठरवली तर ती सोडावी, असं म्हटलं आणि मेरू पर्वताभोवती रचलेलं जुनं विश्ववर्णन बाजूला ठेवलं.

दुसरा प्रकार कथांचा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात छद्दन्त हत्तीची आणि महाकपीची जातकं रंगवलेली आहेत. स्वतःच्या अंगाचा पूल करून कळपाला पार नेणारा वानरराजा कधी होऊन गेला का, असं ते चित्र पाहताना कुणी विचारत नाही. नेत्याने कुणासाठी झिजावं, हे ती कथा सांगते. तिला इतिहास म्हणून सिद्ध करायला निघालेला माणूस तिचं सामर्थ्यच काढून घेतो.

तिसरा प्रकार वागण्याच्या नियमांचा. त्यांची परीक्षा दुर्बिणीने होत नाही, पण म्हणून ते परीक्षेपलीकडचे ठरत नाहीत. नियम कुणाला उभं करतो आणि कुणाला चिरडतो, हे डोळ्यांनी दिसतं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं ते याच कसोटीवर. माणसाला जन्मावरून हीन ठरवणारं वचन कितीही जुनं असलं, तरी ते ज्यांच्या पाठीवर चाललं त्यांची साक्ष त्या वचनाहून वजनदार आहे.

बाबासाहेबांनी घेतलेली जबाबदारी

मिलिंदाच्या नावाने महाविद्यालय चालवणाऱ्या माणसाने स्वतः ग्रंथ हाती घेतला तेव्हा काय केलं, हे म्हणून महत्त्वाचं ठरतं. मे १९५० मध्ये ‘महाबोधी’ मासिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी, धर्म टिकायचा असेल तर तो बुद्धीला आणि विज्ञानाला पटणारा असला पाहिजे, असं मांडलं. त्याच लेखात त्यांनी आणखी अटी घातल्या : धर्माने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मानली पाहिजे आणि दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. म्हणजे पहिल्या प्रकारच्या वाक्यांची आणि तिसऱ्या प्रकारच्या वाक्यांची, दोन्ही कसोट्या त्यांनी एकत्र लावल्या.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रास्ताविकातच ते परंपरेपुढे अडचणीचे प्रश्न ठेवतात. सिद्धार्थाने वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहिलं, म्हणून घर सोडलं, ही कथा त्यांना पटत नाही. रोज शेकड्याने घडणाऱ्या गोष्टी इतकी वर्षं त्याच्या नजरेला पडल्या नाहीत, हे शक्य नाही. त्याऐवजी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध पुढे आणतात.

ही शंका केवळ तर्काची नव्हती. गोव्याचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’मध्ये दाखवलं होतं, की ही कथा मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येते, तर जुन्या अरियपरियेसन सुत्तात गोतम रडणाऱ्या आईवडिलांसमोर केस उतरवून घर सोडतो. एकनाथांनी जशा प्रती ताडल्या, तशी कोसंबींनी सुत्तं ताडली. तर्काने शंका घेतली आणि मूळ पाठाने तिला आधार दिला.

बुद्धवचन कोणतं हे ठरवण्यासाठी बाबासाहेब नियमही देतात. भाणकांनी तोंडपाठ जपलेल्या वचनांत फेरफार होणं स्वाभाविक होतं, म्हणून जे बुद्धीला धरून आहे आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, तेच बुद्धाचं मानावं. परंपरानिष्ठ बौद्ध अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतले, आणि त्यातला एक मला रास्त वाटतो. ‘पटतं ते बुद्धाचं’ हा नियम इतिहासाला पुरेसा नाही. प्राचीन काळातला थोर माणूसही चुकीचं बोलू शकतो. सगळं चुकीचं नंतर घुसडलेलं ठरवलं, तर आपण त्याला चुकण्याचा अधिकारच नाकारतो. पुनर्जन्माचा अर्थ पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्या पुन्हा एकत्र येण्यात शोधताना बाबासाहेबही विज्ञानाशी मेळ घालण्याच्या ओढीत थोडे पुढे गेले, असं मी मानतो.

पण त्यांच्या रीतीत आणि नागसेनाच्या पात्रातल्या प्रयोगात मोठा फरक आहे. बाबासाहेबांनी काय टाकलं, का टाकलं आणि कोणत्या नियमाने टाकलं, हे ग्रंथातच लिहून ठेवलं. जुन्या शब्दाला गुपचूप नवा अर्थ देऊन ‘हेच मुळात होतं’ असा दावा करण्याची सोय त्यांनी गृहत्यागाच्या कथेत घेतली नाही. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता येतो. वाचक त्यांचा नियमच त्यांच्यावर लावू शकतो, जसा मी आत्ता लावला. हीच पंडितांची रीत.

मग मेळ बसतो का?

माझं उत्तर स्पष्ट आहे. प्रत्येक वाक्य शाबूत ठेवून कोणत्याही धर्मग्रंथाचा विज्ञानाशी मेळ बसत नाही, आणि तसा बसवणारा माणूस दोघांशीही अप्रामाणिक असतो. पण ग्रंथ मानणारी माणसं तीन गोष्टी करायला तयार असतील, तर बुद्धीच्या उजेडात ग्रंथाला जागा राहते. वाक्य कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखायचं. कोणत्या पुराव्यावर ते सोडू, हे पुरावा पुढे येण्याआधी सांगायचं. आणि सोडलं, तर उघडपणे सोडायचं.

कालाम लोकांना दिलेला बुद्धाचा उपदेश नेहमी विज्ञाननिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका, एवढाच भाग आपण उचलतो. उरलेला भाग तितकाच मोलाचा आहे : जे लोभ, द्वेष आणि मोह वाढवतं ते सोडा, जे हिताचं आहे असं स्वतः अनुभवाल ते आचरा. तिथे बुद्धी नुसती खोडण्यासाठी नाही, जगण्यासाठी आहे. आपल्या घरातल्या मुलाने पोथीतल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे खरं कशावरून?’ असं विचारलं, तर त्याला गप्प करणारा बाप नागसेनाच्या व्याख्येतला राजा ठरतो. त्याच्यासोबत तपासायला बसणारा बाप पोथी जास्त काळ टिकवतो.

*पुढच्या आठवड्यात : ग्रहण छायेमुळे लागतं हे गणिताने जाणणारा ब्रह्मगुप्त राहूच्या बाजूने का उभा राहिला?*