उडत्या तबकड्यांच्या सरकारी फायली

विज्ञान दिनानिमित्त एका शाळेत वातावरणाच्या अभ्यासाविषयी बोलायला गेले होते. शेवटी प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, उडत्या तबकड्यांची माहिती अमेरिकेने कित्येक वर्षं लपवून ठेवली होती ना? काहीच नव्हतं, तर लपवलं कशाला?" सगळी मुले हसली. वेळ संपत आली होती. मीही हसून "तसं काही नसतं गं" असे म्हटले आणि पुढचा प्रश्न घेतला. ती मुलगी खाली बसली.

परतताना एसटीत तो प्रश्न मनातून जाईना. प्रश्न चांगला होता आणि माझे उत्तर चुकीचे होते. अमेरिकेच्या सरकारने माहिती खरोखरच लपवली होती. मात्र नेमके काय लपवले होते, हे त्याच सरकारने पुढे खुल्या केलेल्या कागदपत्रांतून कळते. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर इथे देत आहे.

'तबकडी' आली कुठून?

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक व्यावसायिक स्वतःचे छोटे विमान चालवत अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर या शिखराजवळून चालला होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी फेकली तर ती जशी टप्पे घेत जाईल, तशा त्या जात होत्या, असे त्याने सांगितले. हे वर्णन गतीचे होते, आकाराचे नव्हे. वर्तमानपत्रांनी मात्र मथळ्यात 'उडत्या बश्या' आणल्या. मराठीत त्यांच्या 'तबकड्या' झाल्या. त्यानंतर लोकांना आकाशात गोल तबकड्याच दिसू लागल्या. आपण काय पाहतो हे काही अंशी आपण काय ऐकले आहे यावर अवलंबून असते, हा या विषयातला पहिला धडा.

फायली कशा जमल्या?

तो शीतयुद्धाचा काळ होता. आकाशातली अनोळखी वस्तू सोव्हिएत संघाची असेल तर? या भीतीने अमेरिकी हवाई दलाने लोकांकडून आलेल्या तक्रारींची चौकशी सुरू केली. प्रकल्पाचे नाव आधी 'साइन', मग 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक' असे होते. १९६९ च्या डिसेंबरात काम बंद झाले तेव्हा एकूण १२,६१८ नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ शुक्र, गुरू, उल्का, फुगे, विमाने, पक्षी, ढग किंवा कोणीतरी केलेली थट्टा यांत सापडले. ७०१ नोंदी 'अज्ञात' म्हणून शिल्लक राहिल्या. साक्षीदारांची नावे झाकून या फायली १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सर्वांसाठी खुल्या झाल्या.

मग लपवले काय?

तीन उदाहरणे पाहू.

पहिले रॉझवेलचे. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात एका कुरणात रबराचे तुकडे, चंदेरी वर्ख, जाड कागद आणि काड्या असे अवशेष सापडले. जवळच्या हवाई तळाने 'उडती तबकडी मिळाली' असे जाहीर केले आणि लगेच शब्द फिरवून 'हवामानाचा फुगा' असल्याचे सांगितले. हेही पूर्ण सत्य नव्हते. वातावरणाच्या वरच्या भागात ध्वनी फार दूरवर पोहोचू शकेल असा एक थर असतो. सोव्हिएत अणुस्फोटांचा आवाज तिथे टिपावा, म्हणून फुग्यांच्या माळेला मायक्रोफोन बांधून सोडण्याचा 'मोगल' नावाचा गुप्त प्रकल्प त्या वेळी चालू होता. ते अवशेष त्यातल्या एका माळेचे होते, असा निष्कर्ष हवाई दलाने १९९४ मध्ये जाहीर केला. तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षे उलटली होती.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात आकाशात मोठी चकाकती वस्तू दिसली. कॅप्टन थॉमस मँटेल आपले लढाऊ विमान घेऊन तिच्यामागे उंच चढत गेले. त्यांच्याकडे प्राणवायूची सोय नव्हती. वीस हजार फुटांच्या वर बहुधा त्यांची शुद्ध हरपली, विमान कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. ती वस्तू म्हणजे शुक्र असावा, असे आधी सांगण्यात आले. परंतु भर दुपारी शुक्र इतका ठळक दिसणे अवघड. ते 'स्कायहूक' जातीचे प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे असावेत, हे स्पष्टीकरण आज सर्वांत जास्त पटते. हे फुगे नौदल सोडत असे आणि तो प्रकल्प गुप्त होता. मँटेल यांना त्याची माहिती असण्याचे कारण नव्हते. एका खात्याने राखलेले गुपित दुसऱ्या खात्यातल्या माणसाच्या जिवावर बेतले, असे म्हणावे लागते.

तिसरे उदाहरण यू-२ या टेहळणी विमानाचे. त्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५५ मध्ये झाले. त्या काळची प्रवासी विमाने साधारण तीन ते सहा किलोमीटर उंचीवरून जात. यू-२ मात्र अठरा किलोमीटरच्याही वर उडे. सुरुवातीची ही विमाने चंदेरी होती. खाली अंधार पडला तरी त्यांच्यावर ऊन पडत असे आणि खालच्या वैमानिकांना वर तांबूस, झगझगीत काहीतरी दिसे. ब्लू बुकचे अधिकारी गुप्तहेर खात्याकडे, म्हणजे सीआयएकडे, उड्डाणाच्या वेळा विचारून खात्री करून घेत. पण तक्रार करणाऱ्याला खरे कारण सांगता येत नसे. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी अशा उड्डाणांमुळे होत्या, असा दावा सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये केला. हे प्रमाण सर्व अभ्यासकांना मान्य नाही. कारण मात्र खरे आहे.

वर्गात करण्याजोगा हिशेब

दहावीच्या मुलांना हा हिशेब जमेल. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ कि.मी. आणि विमानाची उंची २० कि.मी. घ्या. विमानातून पृथ्वीला काढलेली स्पर्शिका त्रिज्येशी काटकोन करते. पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन 'क' मानला, तर

कोसाइन क = ६,३७१ ÷ ६,३९१ = ०.९९६९

म्हणजे 'क' सुमारे साडेचार अंश. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. तेव्हा जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही त्या विमानावर आणखी सुमारे १८ मिनिटे ऊन राहते. हा आकडा विषुववृत्ताजवळचा आहे. उत्तरेकडे सूर्य तिरका मावळतो, त्यामुळे तिथे ही वेळ वाढते. हाच हिशेब ३० कि.मी. उंचीवरच्या फुग्यासाठी मुलांना करायला सांगा.

उरलेल्या ७०१ चे काय?

पोस्टात दर शंभर पत्रांतली पाच-सहा 'पत्ता अपुरा' म्हणून परत आली, तर ती चंद्रावर राहणाऱ्यांना लिहिलेली होती असे आपण म्हणत नाही. पत्त्यात गाव होते पण गल्ली नव्हती, एवढेच म्हणतो. ७०१ हे १२,६१८ च्या साडेपाच टक्के होतात. 'अज्ञात' हा शब्द वस्तूविषयी फार थोडे सांगतो. आपल्याजवळच्या माहितीविषयी जास्त सांगतो. अंधारातल्या एका दिव्याचे अंतर माहीत नसेल, तर त्याचा आकारही सांगता येत नाही आणि वेगही. जवळचा काजवा आणि दूरचे विमान डोळ्याला सारखेच.

याची दुसरी बाजूही शिकवायला हवी. स्पष्टीकरण देणारेही घाई करतात. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसलेल्या दिव्यांबद्दल हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी 'दलदलीतला वायू' असे कारण सुचवले. लोकांना तो आपला अपमान वाटला. त्यातून उठलेल्या गदारोळानंतर भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्याकडे स्वतंत्र अभ्यास सोपवला गेला. या नोंदींतून विज्ञानाच्या हाती फारसे काही लागणार नाही, असे त्यांच्या समितीचे मत पडले आणि ब्लू बुक बंद झाले.

अलीकडच्या अहवालांचा सूरही असाच आहे. जून २०२१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विभागाने १४४ नोंदींची छाननी केली. खात्रीने उलगडली ती एकच. तो हवा जात चाललेला एक मोठा फुगा होता. बाकीच्यांविषयी पुरेशी माहितीच नव्हती. नासाच्या समितीने २०२३ मध्ये चांगल्या मोजमापांच्या अभावावर बोट ठेवले आणि अशी नोंद करणाऱ्यांची टिंगल थांबली पाहिजे असेही सांगितले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने १९४५ पासूनचे सर्व प्रकल्प तपासून परग्रहावरच्या यानाचा काहीही पुरावा नसल्याचे जाहीर केले.

आपल्या आकाशात

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तिथले फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणे कधी सोलापूरच्या बाजूलाही उतरतात. त्यांना हात लावू नका, आम्हाला कळवा, अशा सूचना ते केंद्र आधीच जाहीर करते. इथे काहीच लपवलेले नसते, म्हणून दंतकथाही वाढत नाही. २०१२-१३ मध्ये लडाखमधल्या आपल्या सैनिकांना रात्री दिसणारे दिवे चिनी टेहळणीचे वाटले होते. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. सैनिकांनी नीट नोंदी ठेवल्या होत्या, म्हणूनच हे कळू शकले.

तेव्हा वर्गात कोणी 'काल आकाशात काहीतरी दिसलं' म्हणाले, तर एवढे विचारा: किती वाजता? कोणत्या दिशेला? हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी वर? (एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश.) किती वेळ दिसले? ताऱ्यांच्या तुलनेत जागा बदलली का? मग पंचांग किंवा तारकानकाशा उघडून सर्वांनी मिळून शोधा. उलगडा झाला नाही, तर फळ्यावर 'अज्ञात' असे लिहा आणि तिथेच थांबा.

त्या मुलीचे नाव मी विचारले नव्हते. हा अंक तिच्या शाळेला पाठवते आहे.