टेन्शनचं टेन्शन

शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या बॉसने 'सोमवारी बोलू या' एवढाच मेसेज टाकलाय कधी? मग पुढचं सांगायला नकोच. तो वीकेण्ड गेला! मॉलमध्ये हातात पॉपकॉर्न असतं आणि डोक्यात होम लोनचा हप्ता. हे सगळ्यांचंच होतं. पण आम्हा ख्रिश्चन मंडळींना त्यावर एक बोनस मिळतो. टेन्शन आल्याचं टेन्शन!

कारण येशूचं डोंगरावरचं प्रवचन आम्ही लहानपणापासून ऐकलेलं असतं. पाखरांकडे बघा, उद्याची चिंता सोडा, असा त्याचा सूर. ऐकायला मस्त, पण पाखरांना ईएमआय नसतो ना!

मी वसईची. घरात सामवेदी बोली, ऑफिसात इंग्रजी, काळजी मात्र दोन्ही भाषांत. गेल्या वर्षी आमच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. अकरा जणांच्या टीममधले चार गेले. माझ्या नावावर वीस वर्षांचं लोन, बाबा रिटायर्ड. रात्री तीनला हमखास जाग यायची, छातीत धडधड. प्रेअर ग्रुपमधल्या एका आंटींना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, विश्वास कमी पडतोय तुझा. देवावर सोड ना." प्रेमानेच म्हणाल्या हो. पण त्या रात्री तीनऐवजी दोनलाच जाग आली.

आमच्या फादरांनी लेक्चर दिलं नाही. म्हणाले, "पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र पूर्ण वाच. चारच अध्याय आहेत. फ्रिजवरच्या स्टिकरवर असते तेवढी ओळ वाचून थांबू नकोस."

घरात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' होतं. २०१० साली आलेलं, आमच्या वसईच्याच माणसाने सोप्या मराठीत आणलेलं. एका रात्री वाचून काढलं. पौल तुरुंगातून लिहितोय. स्टिकरवालं वाक्य चौथ्या अध्यायात आहे, कशाचीही चिंता करू नका, या अर्थाचं. पण दुसऱ्या अध्यायात वेगळीच गंमत! फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाला पौलाच्या मदतीला पाठवलेलं असतं. तो आजारी पडतो, मरता मरता वाचतो. पौल त्याला परत पाठवतो आणि कारण काय देतो? तो तुम्हाला भेटला की माझीही काळजी कमी होईल! म्हणजे चिंता करू नका म्हणणाऱ्यालाही काळजी होती आणि त्याने ती त्याच पत्रात लिहून टाकली होती. मला तर एकदम हलकं वाटलं.

आणि गेथशेमाने बाग? अटकेच्या रात्री खुद्द येशू व्याकूळ होतो, तिघा मित्रांना म्हणतो, माझ्यासोबत जागे राहा. ते झोपून जातात. (अशी टीम आपल्याही नशिबी येते कधीकधी.) पण त्याचा विश्वास कमी पडला, असं कोणी म्हणत नाही.

चौथ्या अध्यायातलं ते वाक्यही 'नका' वर संपत नाही. जे हवं ते देवाला सांगा, असं पुढे आहे. सांगायचं म्हणजे नेमकं काय, ते मला माहीमला कळलं.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. नऊ बुधवार करायचे, अशी पद्धत. ऑफिस सुटलं की अंधेरीहून चर्चगेट स्लो पकडायची. चर्चबाहेर मेणाची घरं, बाळं, हात-पाय विकायला असतात. ज्याची जी काळजी, त्याचं तसं मेण! रांगेत हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन सगळे. आत आपली विनंती चिठ्ठीवर लिहून देता येते.

मी आधी लिहिलं, 'देवा, सगळं नीट होऊ दे.' माझं मलाच हसू आलं. सगळं म्हणजे काय? मग बाकावर बसून नीट लिहायला घेतलं, तेव्हा कळलं की माझी खरी काळजी नोकरीची नव्हतीच. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आणि त्यांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीच्या पॉलिसीत. नोकरी गेली की तोही जाणार! रात्री तीनला हे कधी एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी शोधायला लागले. प्रीमियम खिसा कापणारा आहे, पण झोप त्याहून महाग.

सायकॉलॉजीवाल्यांकडेही असंच काहीसं आहे. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये सहकाऱ्यांसोबत एक पद्धत मांडली. काळजीसाठी रोज अर्धा तास राखून ठेवायचा, एरवी ती डोक्यात आली की 'नंतर ये' म्हणायचं. माझी आजी रोज संध्याकाळी साडेसातला रोझरी घेऊन बसायची आणि एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांची काळजी तिथेच करून टाकायची. तिला बोर्कोवेक माहीत असायचं कारण नाही.

धडधड मात्र प्रार्थनेने पूर्ण थांबली नाही. "दात दुखला तर डेंटिस्टकडे जातेस ना?" फादर म्हणाले, आणि एका काउन्सेलरचा नंबर दिला. सहा सेशन्स झाली. कोणाला लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फ्री, मराठीतही बोलता येतं.

महिनाअखेरीस आमच्याकडे दुसरी लिस्ट लागणार आहे, असं कॅन्टीनमध्ये चाललंय. माझा सातवा बुधवार परवा. चिठ्ठीवर आता दोनच ओळी उरल्यात आणि त्यातली एक टीममधल्या त्या चौघांसाठी आहे.