हमिंगबर्डचे पंख शटर थांबवत नाही, फ्लॅश थांबवतो!

रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड सेकंदाला साधारण ५० वेळा पंख मारतो. मग १/४००० शटर लावू, असं वाटतं ना? तरीही पंखांची टोकं पुसटच येतात. खरी युक्ती उलटी आहे: शटर १/२०० वर आणि काम फ्लॅशकडे. साधा स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर उडवला तर झोत बराच वेळ टिकतो. ताकद १/३२ वर आणली की झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान होतो. पण उजेड मात्र घटतो, म्हणूनच चार-पाच फ्लॅश लागतात, तेही फुलापासून हात-दोन हातांवर.

दोन समोरून, एक मागून वरच्या बाजूने, उरलेले पार्श्वभूमीवर. पार्श्वभूमी म्हणजे मागे टांगलेला हिरवा, धूसर प्रिंट! तो उजळला नाही तर दिवसाढवळ्या रात्र दिसते. जागा सावलीतलीच हवी, नाहीतर उन्हामुळे पंखांची भुतं उमटतात.

समोरच्या फ्लॅशमध्ये कंजुषी नको. गळ्याची माणकासारखी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. कोन चुकला की माणिक कोळसा होतो.

ड्युपाँट या रसायन कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी अतिवेगवान फ्लॅश वापरून केलेलं हमिंगबर्डांचं पुस्तक १९६० मध्ये आलं. कंपनी सांभाळून!

आणि हो, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. तुमच्या जास्वंदीवर आलेला तो शिंजीर. फोटो टाका, पण नाव बरोबर लिहा.