चौथ्या फेरीचा हिशेब

दम आणि मैदान : लेखांक ६

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतली रात्रपाळी अजून सुटलेली नसते, तोच रस्त्यावर बुटांचे आवाज सुरू होतात. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं अंधारातच पळायला बाहेर पडतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीला सगळे बरोबर असतात. चौथीला कुणाचे खांदे वर चढतात, कुणी तोंडाने धापा टाकू लागतो. आणि सराव आटोपला की घोळक्यातले दोघे-तिघे टपरीवर चहाबरोबर एकच सिगारेट फिरवतात. ‘एवढं पळतोय, सगळं जिरून जातं,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

ते जिरत नाही.

सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. रोज ओढणाऱ्याच्या हिमोग्लोबिनचा पाचेक टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असा अडकून पडतो आणि तेवढा प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. बसल्या जागी हे कळतही नाही, कारण तेव्हा मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते. जोरात धावताना मात्र धावपटूची छाती मिनिटाला १०० लिटरहून अधिक हवा आत-बाहेर करते. धुराने श्वासनलिका आक्रसतात, तेव्हा ती हवा ओढायलाच जास्त कष्ट पडतात आणि पायांच्या वाट्याचं बळ छातीच्या स्नायूंवर खर्च होतं.

मग तपासणीत हे का दिसत नाही?

फुप्फुसांची ताकद मोजायला नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका दमात फुंकायचं. ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ असं तंत्रज्ञ ओरडत राहतो. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, हा त्यातला महत्त्वाचा आकडा. जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये लंडनमध्ये मांडलेल्या स्पायरोमीटरचंच हे आजचं रूप. पण तरण्या खेळाडूच्या फुप्फुसात शिल्लक एवढी मोठी असते, की सिगारेट ओढूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. तो कागद खिशात घेऊन पोरगा निर्धास्त होतो, आणि घात तिथेच होतो.

डॉ. केनेथ कूपर यांची बारा मिनिटांची धाव आपल्याकडच्या प्रशिक्षकांनाही ठाऊक आहे. १९६८ मध्ये त्यांनी अमेरिकी हवाई दलातल्या जवानांची हीच चाचणी घेतली, तेव्हा सिगारेट ओढणारे दमात मागे पडले. दहा ते अठरा वयोगटातल्या मुलामुलींचा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकी अभ्यास तर जास्त काळजीचा आहे. या वयात फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि सिगारेटने ती वाढच मंदावते, असं त्यात दिसलं. भरतीची स्वप्नं याच वयात पडायला लागतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या धावपटूची वेळ होती ८:११.१५. म्हणजे अंतर पाच शतांश सेकंदांचं! जिथे निकाल असा लागतो, तिथे रक्तातला पाच टक्के प्राणवायू कुणी हकनाक का घालवावा?

‘अमुक मोठा खेळाडूही ओढायचा’ हा दाखलाही नेहमी पुढे येतो. हॉलंडचा योहान क्रायफ हा फुटबॉलमधला असाच एक दिग्गज. १९९१ मध्ये त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. सिगारेट सोडून त्याने धूम्रपानविरोधी जाहिरातही केली. चेंडूसारखं सिगारेटचं पाकीट पायावर झेलत त्याने ते लाथेने भिरकावलं. २०१६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच तो गेला.

सोडणाऱ्याला पहिला फायदा लवकर मिळतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्मा होतो आणि एक-दोन दिवसांत बहुतेक निघून जातो. खोकला, कफ कमी व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून भरतीची तारीख लागल्यावर नव्हे, सराव सुरू केला त्याच दिवशी प्रशिक्षकाने पोराला शेजारी बसवून, न रागावता विचारायला हवं : दिवसाला किती?

(पुढील लेखांकात : धूर नसलेला नगरी मावा आणि खेळाडूचं हृदय)