भिंग सरकते तेव्हा

सोमनाथपूरचे होयसळ मंदिर पाहायला म्हैसूरहून निघालेल्या प्रवाशाला वाटेत साधारण 25 किलोमीटरवर बन्नूर लागते. मांसासाठी नावाजलेल्या मेंढ्यांचे आणि भातशेतीचे हे गाव. इथल्या म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने मोतीबिंदूचे ऑपरेशन आता अवघड राहिलेले नाही. कर्नाटकात ही वाट बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी यांच्या शिबिरांनी पाडली. तिरुपतीला 1968 मध्ये त्यांनी एकाच दिवशी 833 मोतीबिंदू काढल्याची नोंद आहे. मात्र त्या काळी मोतीबिंदू काढला की जाड काचांचा चष्मा हाती यायचा. डोळ्यात भिंग बसत नसे. देशातल्या सरकारी शिबिरांत भिंग बसवण्याची पद्धत खऱ्या अर्थाने रुळली ती 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत प्रकल्प सुरू झाल्यानंतर. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून देशी भिंगे बनवायला घेतली होती, त्यामुळे किंमतही आवाक्यात आली. म्हणजे सामान्य भारतीयाच्या डोळ्यात भिंग येऊन आता कुठे पंचवीस-तीस वर्षे होत आहेत. माझा मुद्दा या कालावधीशीच जोडलेला आहे: आपण ऑपरेशने मोजली, पण बसवलेले भिंग पुढे किती वर्षे जागेवर राहिले याचा हिशेब ठेवला नाही, आणि तो ठेवण्याची वेळ आता आली आहे.

नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असते आणि ती पिशवी बारीक तंतूंनी भोवताली ताणून धरलेली असते. ऑपरेशनमध्ये आतला गढूळ भाग काढतात, पिशवी राखतात आणि तिच्यातच कृत्रिम भिंग ठेवतात. ऑपरेशनच्या वेळी पिशवी फाटली तर भिंग काही दिवसांतच सरकू शकते. ते सगळ्यांना ठाऊक असते. कमी बोलले जाते ते उशिरा होणाऱ्या निसटण्याबद्दल. तंतू हळूहळू झिजतात आणि दहा-पंधरा वर्षांनी पिशवीसकट भिंग खाली झुकते. जास्त उणे नंबर, डोळ्याला जुना मार, दृष्टिपटलाचे आधी झालेले ऑपरेशन ही कारणे असतात. पण सर्वांत मोठे कारण म्हणजे डोळ्यात कोंड्यासारखा पांढरा थर साचवणारा आजार. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत चाळिशीपुढच्या साधारण 3 ते 6 टक्के लोकांत तो आढळला आहे.

यावर आक्षेप येतो की हे फार क्वचित घडते. शेकड्यात एखाद्यासाठी एवढी काळजी कशाला? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील एका जिल्ह्यात 1980 पासूनच्या रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांत भिंग निसटण्याची शक्यता 0.1 टक्का निघाली, वीस वर्षांत 0.7 आणि पंचवीस वर्षांत 1.7 टक्के. आकडे लहान आहेत खरे, पण ते वर्षांबरोबर वाढतात, आणि भारतात वर्षाला 60 लाखांहून अधिक मोतीबिंदू काढले जातात. पूर्वी सत्तरीत ऑपरेशन झालेला माणूस पुढे फार जगत नसे. आता अनेक लोक साठीच्या आतच टेबलावर येतात आणि काही जण पंच्याऐंशी ओलांडतात. ज्या पंचविसाव्या वर्षाचा धोका आकड्यात दिसतो, तिथपर्यंत आपली शिबिरांची पहिली पिढी आत्ताच पोचते आहे.

सरकलेले भिंग बसवता येते, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. बुबुळालाच चिमट्याने धरून राहणारे भिंग मुळात हॉलंडचे. ते आपल्याकडे रुजवले अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी. श्वेतपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला, टाक्याने भिंग बांधण्याची रीतही जुनीच, पण त्यासाठी वापरला जाणारा बारीक धागा काही वर्षांनी जीर्ण होऊन तुटतो आणि भिंग पुन्हा सुटते. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी डिसेंबर 2007 मध्ये टाक्यावाचून मार्ग काढला: भिंगाला आधार देणारे त्याचे दोन्ही पाय श्वेतपटलातून बाहेर घ्यायचे, त्याच्याच थरात खोचायचे आणि वरची झडप रक्तातल्या प्रथिनापासून बनवलेल्या गोंदाने चिकटवायची. जपानच्या शिन यामाने यांनी गोंदही वगळला. पातळ सुयांतून पाय बाहेर काढून त्यांची टोके किंचित वितळवली की गाठ तयार होते आणि ती आत सरकत नाही. भिंग पार दृष्टिपटलावर जाऊन पडले असेल तर आधी डोळ्यातला काचद्रव काढावा लागतो. यांतली श्रेष्ठ पद्धत कोणती? अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने 2020 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, आणि एकाही पद्धतीची सरशी सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. ऑस्लोत 104 रुग्णांवर जुनेच भिंग पुन्हा बसवणे आणि नवे घालणे यांची तुलना झाली. दृष्टीच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले.

पद्धतीवर वाद घालण्यापेक्षा डोळ्यात नेमके कोणते भिंग आहे हे कळणे अधिक मोलाचे. तीन भागांच्या भिंगाचे बारीक पाय श्वेतपटलात खोचता येतात. एकसंध मऊ अॅक्रिलिक भिंगाचे जाड पाय तिथे चालत नाहीत, ते बहुधा बदलावे लागते. मऊ भिंग आत कापून लहान छेदातून काढता येते, जुन्या कडक भिंगाला मात्र पाच-सहा मिलिमीटरची वाट करावी लागते. ही माहिती भिंगाच्या डब्यातल्या चिकटपट्टीवर छापलेली असते. ती केसपेपरवर लागते, केसपेपर हरवतो, आणि वीस वर्षांनी शल्यविशारद अंदाजाने सुरुवात करतो. इतक्या जुन्या कागदाची आठवण कुणाला राहणार, असे कुणी म्हणेल. पण हृदयातल्या पेसमेकरचे कार्ड रुग्ण जपतोच की. डोळ्यातल्या भिंगाचे कार्ड जपायला कुणी सांगितले नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप वयाचा आहे: ऐंशीच्या माणसावर पुन्हा शस्त्रक्रिया कशाला? कधी कधी तो रास्तही ठरतो. आत पडून शांत राहिलेले भिंग तसेच ठेवून चष्म्यावर किंवा कॉन्टॅक्ट लेन्सवर भागवता येते, आणि शस्त्रक्रियेत रक्तस्राव, पडदा सुटणे, डोळ्याचा दाब वाढणे हे धोके आहेतच. पण हा निर्णय तपासणीनंतर व्हावा, गैरसमजातून नव्हे. एका डोळ्याने दोन दिसणे, भिंगाची कड कमानीसारखी दिसणे किंवा एकाएकी धूसर होणे याला घरात ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ म्हणतात आणि महिने जातात. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. अशी लक्षणे दिसली तर काचद्रवाची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात लवकर जावे, आणि घरात ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांच्या भिंगाची चिकटपट्टी या दिवाळीत शोधून तिचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा.