विश्लेषण : बालपणीचा लाडका ‘पू’ खुनी झाला, पण चित्रपट का फसला?

मधाच्या बरणीत तोंड खुपसून बसणारे ‘विनी द पू’ हे गुबगुबीत अस्वल २०२३ मध्ये माणसे मारत पडद्यावर आले. ‘विनी द पू : ब्लड अँड हनी’ या ब्रिटिश चित्रपटाने खर्चाच्या कित्येक पट कमाई केली आणि पुढच्याच वर्षी सर्वांत वाईट चित्रपटाचा ‘रॅझी’ही पटकावला. या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटाच्या वाट्याला कशा आल्या?

‘पू’ला खुनी करण्याची परवानगी कोणी दिली?

कोणीच नाही आणि अमेरिकेत तिची गरजही उरली नव्हती. ए. ए. मिल्न यांचे ‘विनी द पू’ हे पुस्तक १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळच्या पुस्तकांचे स्वामित्व हक्क अमेरिकेत ९५ वर्षांनी संपतात. त्यानुसार १ जानेवारी २०२२ पासून तिथे हे पुस्तक सर्वांसाठी खुले झाले. मात्र डिस्नेच्या ‘पू’ची ओळख बनलेला लाल शर्ट वापरता येणार नव्हता. १९२८ च्या पुस्तकात आलेला टिगर हा वाघही २०२४ पर्यंत बंधनात होता. म्हणूनच तो पहिल्या भागात नाही, दुसऱ्या भागात आहे.

खर्च किती, कमाई किती?

दिग्दर्शक ऱ्हिस फ्रेक-वॉटरफील्ड यांनी अवघ्या दहा दिवसांत चित्रीकरण उरकले. खर्च एक लाख डॉलरहून कमी, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ८० लाख रुपये. २०२२ मध्ये चित्रपटातील काही छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि फुकटची प्रसिद्धी मिळाली. मोजक्या पडद्यांसाठी बनलेला हा चित्रपट अनेक देशांत पोहोचला आणि कमाई ५० लाख डॉलरच्या पुढे गेली.

‘एक्स्प्लॉयटेशन’ आणि ‘स्लॅशर’ म्हणजे काय?

एखादे खळबळजनक नाव, रक्त किंवा देहप्रदर्शन यांच्या जोरावर तिकिटे खपवायची आणि कथेचे नंतर पाहू, ही ‘एक्स्प्लॉयटेशन’ चित्रपटांची रीत. मुखवटा घातलेला खुनी एकेकाला गाठून मारतो, ते ‘स्लॅशर’. ‘ब्लड अँड हनी’ या दोन्ही साच्यांत बसतो.

मग बिनसले कुठे?

सुरुवात बरी आहे. ख्रिस्तोफर रॉबिन शिक्षणासाठी निघून जातो. उपाशी पडलेले प्राणी ईयोर या गाढवाला मारून खातात आणि माणसाचा द्वेष करू लागतात. साध्या रेखाटनांतून सांगितलेला हा भाग चित्रपटातील सर्वांत चांगला आहे. मोठे होताना आपण कोणाला मागे टाकून येतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

पण पुढे त्याचे काहीच होत नाही. जंगलातल्या घरात राहायला आलेल्या तरुणी एकामागून एक मारल्या जातात. त्यांतल्या मारियाचा पूर्वी एकाने पाठलाग केलेला असतो. ते कथानकही वाऱ्यावर सोडले आहे. बाकीच्या मुलींची तर ओळखही नीट होत नाही. ज्यांना आपण ओळखतच नाही, त्यांच्या मरणाची भीती वाटणार कशी?

सर्वांत मोठी चूक ‘पू’बाबतची. हे प्राणी बोलणे सोडून देतात, असे कथेत म्हटले आहे. पण ‘पू’ची सगळी गोडी त्याच्या भाबड्या बोलण्यात आहे. ते गेल्यावर उरतो रबरी मुखवटा घातलेला धिप्पाड माणूस. तो अस्वल नसून दुसरा कोणी असता, तरी कथेत फरक पडला नसता. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात, तसा प्रकार.

पैसे कमी पडले, हे कारण आहे का?

पूर्णपणे नाही. जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (१९७८) सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला. ती रक्कम ‘ब्लड अँड हनी’पेक्षा जास्त होती, हे खरे. पण त्यातल्या खुन्याचा चेहराही स्वस्तातलाच होता. ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा पांढरा रंगवून वापरला गेला. भीती वाटली ती तो मुखवटा कधी, कुठे आणि किती वेळ दिसतो यामुळे. असा विचार करायला जास्तीचे पैसे लागत नाहीत.

‘रॅझी’ने काय साधले?

मार्च २०२४ मध्ये सर्वांत वाईट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथेसह पाच ‘रॅझी’ मिळाले. त्याच महिन्यात जास्त खर्च करून बनवलेला दुसरा भागही प्रदर्शित झाला. म्हणजे टीका झाली तरी धंदा थांबला नाही.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मधले. त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. जुन्या पुस्तकांची दारे अशी एकेक करून उघडत राहणार आहेत. मुदत संपली की पात्राचे नाव फुकट मिळते. त्या पात्रावर लोकांचा जीव का जडला, हे मात्र ज्याचे त्याने समजून घ्यावे लागते. ‘ब्लड अँड हनी’ने नाव घेतले आणि तिथेच थांबला.