अंगणातील अंजीर

विदर्भातील बहुतेक घरांना अंजीर ठाऊक आहे ते सुकवून दोरीत ओवलेल्या चपट्या फळांच्या रूपात, आणि तेही आजाऱ्यासाठी पावशेर आणलेले. झाडावर पिकलेले ताजे अंजीर आपल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी चाखले असेल. याचे कारण त्या फळाच्या स्वभावातच आहे. तोडल्यानंतर अंजिराची गोडी फारशी वाढत नाही आणि पूर्ण पिकलेले फळ एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून दूरच्या बाजारासाठी ते थोडे आधीच उतरवावे लागते. पुणे जिल्ह्यातील पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु सासवडकडचे फळ नागपूरला पोहोचेपर्यंत त्याची मूळची चव उरत नाही. खरे अंजीर खायचे तर झाड दारात हवे आणि ते दार आपल्या मालकीचे हवे.

मालकीचा हा मुद्दा मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मांडतो आहे. फळझाड लावणे म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षे ही जागा आपल्याकडेच राहील असा भरवसा बाळगणे होय. ज्याला उद्या उठविले जाण्याची धास्ती असते तो भेंडी लावील, आंबा लावणार नाही. गावकुसाबाहेरच्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला हा भरवसा आला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शिकून नोकरीस लागलेल्या पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन प्लॉट घेतले, घरे बांधली. त्या घरांपुढची दहा-बारा फुटांची मोकळी जागा आज सरसकट फरशीखाली जात आहे, याचे वाईट वाटते. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात, जेथे औषधी वनस्पती, कंदमुळे व फळे नव्हती तेथे ती आणवून लावविल्याचे नमूद केले आहे. सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेचे वड आणि आमराया यांचा उल्लेख आहे. फळझाडाची गणना त्याने लोकहिताच्या कामात केली.

अंजिराशी आपले नाते आणखी जवळचे आहे. दीघनिकायातील महापदान सुत्तात सात बुद्धांचे बोधिवृक्ष सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे तीन असे : कोणागमन बुद्धांचा उंबर, कस्सप बुद्धांचा वड आणि गोतम बुद्धांचा पिंपळ. वनस्पतिशास्त्रात हे तिन्ही वृक्ष ‘फायकस’ या एकाच प्रजातीत मोडतात आणि अंजीरही त्याच प्रजातीतले. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वास्तविक उंबराला फुले शेकड्यांनी येतात, मात्र ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटात दडलेली असतात. अंजिराचेही तसेच. उंबर-पिंपळाच्या परागीभवनासाठी एक चिमुकली गांधीलमाशी त्या बारीक छिद्रातून आत शिरते. आपल्याकडे लावली जाणारी ‘पुना अंजीर’ ही जात मात्र परागीभवनावाचून पिकते. त्यामुळे अंगणात एकच झाड असले तरी चालते.

नागपूरची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि साचलेले पाणी अंजिराच्या मुळांना सोसत नाही. म्हणून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन काळ्या मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे व झाड उंचवट्यावर लावावे. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर असावे. दिवसभराचे ऊन मिळावे. रोपासाठी बियांची गरज नाही. वर्षभराच्या पक्व फांदीचा करंगळीएवढा जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांचा तुकडा पिशवीत लावला की मुळे फुटतात. असे झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते. आमचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पहिली दोन वर्षे पऱ्हाट्यांचा आडोसा आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हवेच.

अंजिराला दोन बहार येतात. पावसाळ्यातला खट्टा बहार बेचव असतो, त्याच्या नादी लागू नये. पाऊस संपताच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करावी, कारण फळे नव्या फुटीवर धरतात. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास हाती येतो तो मीठा बहार. या काळात पाणी नियमित द्यावे. आठ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले तर फळे तडकतात. पानांच्या खालच्या बाजूस विटकरी भुकटी दिसली तर तो तांबेरा समजावा. अशी पाने वेचून नष्ट करावीत व एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. बुलबुल आणि मैना आपल्याआधी फळाची परीक्षा करतात, म्हणून फळांना जुन्या मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. (एखादे फळ त्यांच्यासाठी उघडे ठेवले तरी हरकत नाही.)

नागपूरच्या माणसाला संत्र्याचा मोह होणारच. पण जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले ते झाड ताण, पाणी आणि डिंक्या रोग यांचे भलते लाड मागते. लहान अंगणासाठी त्यापेक्षा कागदी लिंबू, सरदार पेरू आणि सीताफळ बरे. सीताफळ तर खडकाळ जागेतही येते व गुरे त्याला तोंड लावत नाहीत.

वसतिगृहाच्या आवारात अंजीर लावताना मुलांना एक गोष्ट आधीच सांगावी. कच्चे फळ तोडल्यास देठातून पांढरा चीक येतो. तो अंगाला लागला की खाज सुटते, जळजळ होते. फळाची मान मऊ होऊन ते खाली झुकले आणि सालीवर बारीक रेषा उमटल्या की ते तयार झाले. ते सकाळी तोडावे आणि त्याच दिवशी वाटून खावे. छाटणीच्या फांद्याही फेकू नयेत. ऑक्टोबरात पिशव्यांत लावलेले तुकडे जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत लावणीयोग्य होतात, आणि गावाकडून परतलेल्या पालकाच्या हाती एकेक रोप देता येते.